‘भूक नाही’ म्हणणारं मूल आणि त्यावर विश्वास न बसणारी आई: एक प्रकरण अभ्यास

(नावं बदलली आहेत. कुटुंब ओळखू येईल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. लेखिका त्या वेळी पिंपरी-चिंचवडमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या बालरोग विभागात आहारतज्ज्ञ होती.)

पार्श्वभूमी

ओम ३ वर्षं १० महिन्यांचा असताना सविताताई त्याला घेऊन आल्या. केसपेपरवर डॉक्टरांनी त्यांचेच शब्द उतरवले होते: "काहीच खात नाही."

या तक्रारीची मुलं बाह्यरुग्ण विभागात रोज येतात आणि त्यातली बरीचशी बऱ्यापैकी खात असतात. ओमचं वजन १४.२ किलो होतं, उंची ९९ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात या वयाच्या मुलग्याचं मधलं वजन १६ किलोच्या आसपास येतं. ओम त्याच्या खाली होता, पण सुरक्षित पट्ट्याच्या आत. जन्माचं वजन २.१ किलो, आई-वडील दोघंही अंगाने बारीक. "मूल ठीक आहे, काळजी करू नका" असं सांगून घरी पाठवता आलं असतं, आणि आधी एका ठिकाणी तसं झालंही होतं. दुसऱ्या ठिकाणी भूक वाढवायचं औषध मिळालं होतं.

पण पापणीची आतली बाजू फिकी दिसली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.९ आलं. या वयात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. लाल पेशी लहान आणि फिकट, म्हणजे लोहाची कमतरता. महाराष्ट्रात यात नवल काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली ६ महिने ते ५ वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. ओमच्या घरात मात्र अन्नाला तोटा नव्हता. वडील चाकणच्या कारखान्यात ऑपरेटर, सविताताई घरी ब्लाउज शिवायच्या. दोन खोल्यांचं घर, फ्रिज, आणि ओमसाठी रोज वेगळं दूध.

त्याचा दिवस लिहून घेतला तेव्हा उलगडा झाला. उठल्याबरोबर बाटलीतून दूध, चॉकलेटी पावडर घालून. नऊला दुधात बुडवलेली बिस्किटं. साडेअकराला मिक्सरमधून काढलेला तूप-वरण-भात, समोर मोबाइल. हे जेवण सव्वा तास चालायचं. घास गालात धरून ठेवायचा, मधे उमासे, एखाद्या दिवशी उलटी. उलटी झाली की "पोट रिकामं झालं" म्हणून लगेच दूध. दुपारी अर्धवट झोपेत बाटली, रात्री पुन्हा बाटली. सगळं मिळून दिवसाला ९०० मिलीच्या वर दूध. शी तीन-चार दिवसांनी, खड्यासारखी, रडत.

अडचण

वैद्यकीय बाजू सोपी होती. दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. एवढ्या दुधाने पोट भरतं, भरलेल्या पोटाचं मूल भाकरी-भाजीकडे बघत नाही. बद्धकोष्ठ भूक मारतं, लोह कमी झालं की ती आणखी मंदावते. आणि मूल खात नाही म्हणून आई आणखी दूध देते. हे चक्र दुधापासून तोडायचं, हे कुणीही सांगेल.

खरी गाठ दुसरीकडे होती. सविताताईंना आधी दोनदा स्पष्ट सांगितलं गेलं होतं की जबरदस्ती करू नका, भूक लागली की मागेल. त्या ते ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि घरी जाऊन बाटली भरायच्या. केसपेपरवर 'सूचना पाळत नाहीत' अशी नोंद होती. मला ही नोंद कधीच आवडत नाही. सूचना न पाळणाऱ्या माणसाने त्या सूचनेचा अर्थ काय लावला, हे कुणी विचारलेलं नसतं.

घरात या विषयावर तीन मतं होती. वडिलांना फार काही वाटत नव्हतं. ते पाळीवरून दमून येत, पोरगं रडलं की मोबाइल हातात देत. सासूबाई, ज्यांना सविताताई मामी म्हणतात, त्या सोलापूर जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर दुष्काळी कामावर जायच्या. आई खडी फोडायची आणि ही पोरं सुकडीच्या, म्हणजे तिथे वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक खाऊच्या, रांगेत. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे, असं त्या सांगतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती, त्यातलं हे एक कुटुंब. मामींचा निष्कर्ष ठाम होता: "भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. चार वेळा उपाशी ठेव, कसा खात नाही बघू." ताटात टाकलेलं त्यांना खपत नाही, पण मागे लागून भरवणंही खपत नाही.

उपासमार पाहिलेला माणूस पोरांना कोंबून भरवतो, असा सरधोपट समज आहे. मामींनी सुनेपेक्षा मोठा दुष्काळ पाहिला होता आणि त्यांचा स्वभाव बरोबर उलटा घडला होता. तेव्हा 'बालपणी भूक' एवढं लिहून काही कळत नाही. ती भूक कशी होती, घरात कोण काय बोलत होतं, ते विचारावं लागतं.

आईचा पूर्वेतिहास

दुसऱ्या भेटीत ओमच्या खाण्याबद्दल विचारणं थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला: तुमच्या लहानपणी घरी वाढायचं कोण?

सविताताई बीड जिल्ह्यातल्या. आई-वडील ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, त्यामुळे तोडीचे पैसे उचलीतच फिटायचे. हातात यायची ती आठवड्याची खर्ची आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले चार पैसे. दिवाळीनंतर बिऱ्हाड निघायचं ते पाडव्याच्या सुमारास परतायचं. फडाशेजारी, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेताशेजारी, कोपी, तात्पुरती झोपडी. आई मध्यरात्रीनंतर उठून भाकरी थापायची, कारण अंधारातच फडात जायचं. भाकरी माणशी मोजलेल्या, बरोबर लाल चटणी नाहीतर पातळ कोरड्यास, म्हणजे कालवण.

१९९५ साली केंद्राची शालेय पोषण योजना आली तेव्हा त्या पहिलीत होत्या. आपल्याकडे तेव्हा शिजवलेलं अन्न मिळत नसे, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागायची. जे मूल सहा महिने फडावर, त्याची हजेरी कुठून भरणार? ज्या घराला तांदळाची सगळ्यात जास्त गरज, तेच घर यादीतून गळायचं. एक वर्ष त्यांना तांदळासाठी म्हणून आजीजवळ गावी ठेवलं. "तांदूळ मिळाला, पण आई नव्हती," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं.

"भाकरी कमी पडली की आई म्हणायची, मला भूक नाही, तुम्ही खा. मग ताई तसंच म्हणायला लागली. मग मीपण, धाकट्यासाठी. आमच्यात भूक नाही म्हणणारा खोटंच बोलायचा, मॅडम."

ओम तोंड फिरवून "नको, भूक नाही" म्हणायचा तेव्हा त्यांना ते खरं कसं वाटावं? ज्या घरात त्या वाढल्या तिथे या वाक्याचा तसा अर्थच नव्हता. 'भूक लागली की मागेल' हा सल्लाही त्यांच्या कानाला वेगळा ऐकू येत होता: भूक लागेपर्यंत उपाशी ठेवा.

भुकेचा माग मनावर किती काळ राहतो, याचा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते स्वेच्छेने आलेले होते, हे कधी संपणार ते त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांचं लक्ष अन्नावरून हलेना. काही जण पाककृती जमवू लागले, ताटं चाटू लागले, आणि पोटभर खाणं सुरू झाल्यावरही बऱ्याच जणांची खाण्याची घडी महिनोन्‌महिने बसली नाही. फडावरच्या सात वर्षांच्या मुलीला तर कुणी शेवटची तारीख सांगितलेली नसते.

सगळंच भुकेवर ढकलायचं कारण नाही, हेही नोंदवायला हवं. ओम लग्नानंतर आठ वर्षांनी, एका गर्भपातानंतर झालेला. जन्मतः कमी वजनाचा. अशा मुलाची आई, तिने कधी उपास सोसला नसता तरी, वजनाच्या काट्याकडे धास्तीनेच बघते.

समोरचे पर्याय

डॉक्टर, समुपदेशक आणि मी, असा तिघांनी विचार केला.

पहिला पर्याय नेहमीचा: लोहाचं औषध, दूध कमी, 'जबरदस्ती नको' हा सल्ला परत एकदा. हा दोनदा फसलेला होता. दुसरा, भरवण्याचं काम काही दिवस आईकडून काढून वडील किंवा आजीकडे देणं. कागदावर हा सगळ्यात जलद. पण वडिलांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत होत्या, आणि आजीकडे दिलं असतं तर सविताताईंना तो उघड पराभव वाटला असता. त्यातून आजीचा 'चार वेळा उपाशी ठेव' हा मार्ग रक्तक्षय झालेल्या मुलावर आम्हाला नको होता. तिसरा, आधी आईचं समुपदेशन, मग मुलाचं खाणं. समुपदेशकाचा कल इकडे होता. माझा नव्हता. हिमोग्लोबिन ८.९ असलेलं मूल आईच्या मनाची उकल होईपर्यंत थांबू शकत नाही, आणि "तुमच्या मनावर उपचार हवेत" हे ऐकून त्या परत आल्या असत्या याची मला खात्री नव्हती.

शेवटी ठरलं ते असं: औषधं लगेच, दूध टप्प्याटप्प्याने, आणि भरवण्याचे नियम आईशी बोलून, तिला पेलतील तेवढेच. नियमांचा पाया एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली वाटणी. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे आई-वडील ठरवतात. खायचं की नाही आणि किती, हे मूल ठरवतं. ती सांगताना आम्ही पहिल्या अर्ध्यावर जोर दिला, कारण तिथे आईचा अधिकार शाबूत राहतो.

काय केलं

लोहाचं सिरप वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ३ मिलिग्रॅम, सकाळी लिंबूपाण्याबरोबर. दुधाबरोबर अजिबात नाही. शी काळी होईल हे आधीच सांगितलं, नाहीतर औषध तिसऱ्या दिवशी बंद होतं. जंतांचं औषध एकदा, शौच मऊ करणारं औषध काही आठवडे. बाटली बंद, दूध कपातून, दोन आठवड्यांत ४०० मिलीवर आणायचं.

जेवणाच्या पाच वेळा ठरल्या, प्रत्येक वेळ अर्ध्या तासाची. मिक्सर बंद. ओम "नको" म्हणाला की ताटली पाच मिनिटं तिथेच, कुणी काही बोलायचं नाही, मग उचलायची. इथे सविताताईंचा पहिला खरा प्रश्न आला: "आणि मग?" मग अडीच तासांनी पुढचं खाणं आहे, ते पक्कं आहे, हे उत्तर त्यांना पटलं. घड्याळ लावून अन्न येणार, ही गोष्ट त्यांना 'जबरदस्ती नको' या उपदेशापेक्षा कितीतरी भरवशाची वाटली.

घरभेटीत स्वयंपाकघराच्या माळ्यावर पत्र्याचा एक डबा दिसला. त्यात वाळवलेल्या भाकरीचे कुटके, डबा काठोकाठ भरलेला. पिठाचे तीन डबे, पलंगाखाली बिस्किटांचे पुडे, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये खारे शेंगदाणे. "पीठ निम्म्यावर आलं की मला झोप लागत नाही," त्या हसत म्हणाल्या. यातल्या कशालाही हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं. साठा कुणाला त्रास देत नव्हता, उलट तो होता म्हणून त्या ताटली उचलू शकणार होत्या. फक्त बिस्किटांचे पुडे ओमच्या नजरेआड गेले.

अडलं तिथे

पंधरा दिवस ठीक चाललं. मग त्या ठरलेल्या तारखेला आल्या नाहीत, फोन उचलला नाही.

नंतर कळलं ते असं. एका दुपारी चारच्या आधीच ओम मशीनपाशी येऊन म्हणाला, "आई, भूक लागली." आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही याच वाक्याची वाट बघत होतो. दूध कमी झालं, पोट रिकामं व्हायला लागलं, याची ती खूण. पण कोपीत हे वाक्य धाकटा भाऊ बोलायचा आणि आई त्याला धपाटा घालून मग स्वतःच रडत बसायची. सविताताईंच्या लेखी मुलाने भूक लागली म्हणणं म्हणजे आई कमी पडली. त्या उठल्या आणि बाटली भरली. त्याच आठवड्यात शेजारच्या दवाखान्यात वजन केलं तर ते १३.९ भरलं. तीनशे ग्रॅमची घट. दूध कमी केल्यावर सुरुवातीला असं होऊ शकतं, त्यात बद्धकोष्ठ मोकळं झाल्याचाही वाटा असतो. पण त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. रात्रीची बाटली परत सुरू झाली.

परत जोडून दिलं ते मामींनी. लोहाचं औषध संपत आलं म्हणून त्या ओमला घेऊन स्वतःच आल्या. सुनेची तक्रार करतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ती लई भ्याली. पोरगं भूक म्हणालं तर वाईट काय त्यात? आमच्या टायमाला म्हणायची सोय नव्हती." पुढच्या खेपेला दोघींना एकत्र बसवलं. इतकी वर्षं एका घरात राहून सुकडीची रांग आणि फडावरची भाकरी या दोन गोष्टी त्या एकमेकींना कधी नीट बोलल्याच नव्हत्या. मामींना सून लाडावते असं वाटायचं, सुनेला सासू कठोर वाटायची.

त्या बैठकीत दोन बदल ठरले. 'भूक लागली' म्हटल्यावर पुढच्या वेळेपर्यंत थांबवायचं नाही. कुटके, शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं, जे हाताशी असेल ते लगेच द्यायचं, फक्त दूध नाही. पुस्तकी नियमात हे बसत नाही, दोन खाण्यांच्या मधे अंतर हवंच. इथे आईला त्या वाक्याची भीती वाटेनाशी होणं जास्त महत्त्वाचं होतं. आणि संध्याकाळचं जेवण ओमने आजीच्या शेजारी बसून जेवायचं. भरवायचं आजीनेही नाही.

निष्पत्ती

उपचार सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१, तीन महिन्यांनी ११.६. त्यानंतरही साठा भरून निघावा म्हणून लोह आणखी दोन महिने चालू ठेवलं. वजन १५.१ किलो. शी एक दिवसाआड, न रडता. दूध ४०० मिलीच्या आसपास, कधी ५००. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत उरकू लागलं. गंमत म्हणजे ओमने चावून खायला सुरुवात केली ती आजीच्या हातातल्या कुटक्यापासून. वर्षभर मिक्सरमधलं गिळणाऱ्या मुलाला कुरकुरीत काहीतरी हवं होतं.

मोबाइल पूर्ण सुटला नाही. वडिलांची दुसरी पाळी असली की रात्री उशिरा तेच त्याला घेऊन बसतात आणि पडदा चालू होतो.

सविताताईंचं हिमोग्लोबिनही याच काळात तपासलं, ते ९.८ होतं. त्या सगळ्यांत शेवटी जेवायच्या, आणि ओमच्या ताटलीत उरलेलं संपवणं हेच कित्येकदा त्यांचं जेवण असायचं. त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. समुपदेशकाकडे त्या तीनदा गेल्या, मग शिवणाचा हंगाम लागला आणि खंड पडला.

ओम "नको" म्हणाला की आतून धस्स होतं का, असं शेवटच्या भेटीत विचारलं. "होतं ना," त्या म्हणाल्या. "पण आता मी पाच मिनिटं मशीनवर जाऊन बसते."

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्यांदा वजन थोडं उतरू शकतं, हे दूध कमी करायच्या आधी सांगायला हवं, तोंडी आणि लिहून. शी काळी होईल हे आम्ही सांगितलं, कारण त्याने औषध बंद पडतं हे ठाऊक असतं. वजनाची घट तितकीच ठरलेली गोष्ट आहे आणि जिच्या लहानपणी अन्न मोजून मिळालं त्या आईसाठी ती कितीतरी जास्त घाबरवणारी आहे.

आजीला पहिल्याच भेटीत आत बोलवता आलं असतं. 'उपाशी ठेव' म्हणणारी सासू म्हणजे अडथळा, असं गृहीत धरून तिला बाहेरच्या बाकावर ठेवण्याची विभागात पद्धत आहे.

घरी वजनकाटा द्यावा का, यावर आमच्यात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. डॉक्टरांच्या मते महिन्याला एकदा रुग्णालयात केलेलं वजन पुरे, रोजचा काटा धास्ती वाढवतो. समुपदेशक म्हणत होती की काटा घरी असता तर शेजारच्या दवाखान्यातला एक आकडा इतका भारी पडला नसता. मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. पण सविताताईंसारख्या बाईला 'मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवा' म्हणताना त्या शब्दाच्या जोडीला पडताळून बघायला हातात काहीतरी द्यावं लागतं. आम्ही खेळणं, झोप आणि शी यांची एक साधी वही दिली. ती त्यांनी दोन महिने नेमाने भरली, नंतर सोडून दिली.

प्रवेशाच्या फॉर्मवर आता 'आईच्या लहानपणी घरात अन्न कमी पडायचं का' हा प्रश्न घातला आहे. तो हो-नाहीचा असल्याने बहुतेक जणी 'नाही' म्हणतात. वाढायचं कोण आणि कमी पडलं तर कोण काय म्हणायचं, असं विचारलं तर बोलतात, पण त्याला वेळ लागतो आणि सकाळच्या गर्दीत तो नसतो. म्हणून सध्या हा प्रश्न दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवतो.